साहेब, सगळं पिशवीत आहे!

विक्रोळीला कन्नमवार नगरात माझ्या मामाचं इन्कम टॅक्सची रिटर्न भरून द्यायचं काम आहे. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, सारखा कागद अडकवणारा एक प्रिंटर आणि भिंतीला टेकून ओळीने ठेवलेल्या पिशव्या. जून-जुलै आला की मी हाताशी म्हणून तिथे जाऊन बसते. एन्ट्री मारायची, पीडीएफ डाउनलोड करायच्या, चहा सांगायचा, असली कामं. या दोन महिन्यांत जेवढं ह्यूमन नेचर बघायला मिळतं तेवढं होस्टेलच्या मेसमध्येही मिळत नाही, हे मी जबाबदारीने सांगते!

लिहिण्याआधी मामाची परवानगी घेतली आहे. त्याची अट एकच होती, कुणाचं नाव नको आणि बिल्डिंग नंबर तर नकोच. कन्नमवार नगरात बिल्डिंग नंबर सांगितला की माणूस सापडलाच म्हणून समजा.

तर पिशव्या. मामाकडे येणारा क्लायंट खुर्चीवर बसायच्या आधी एक वाक्य हमखास बोलतो, "साहेब, सगळं पिशवीत आहे." मग ती पिशवी टेबलावर उलटी होते. साडीच्या दुकानाची पिशवी, मिठाईचा खोका, बुटाचा खोका. एकदा तर चक्क उशीचा अभ्रा! त्यातून काय निघेल याचा नेम नाही. गॅसचं कार्ड, मुलाची दुसरीतली प्रगतिपुस्तिका, रक्ताचे रिपोर्ट, लग्नपत्रिका, टीव्हीची संपलेली वॉरंटी, कुणाच्या तरी बारशाला मिळालेलं रिकामं पाकीट. वर्षभराचा धंदा मात्र एका लायटरच्या पाकिटाच्या मागे चार ओळींत लिहिलेला. मामा म्हणतो, "पिशवीत सगळं असतं, फक्त जे पाहिजे ते नसतं."

आता तुम्ही विचाराल की हल्ली सगळं ऑनलाइन असताना कागद पाहिजेतच कशाला? प्रश्न चांगला आहे. पूर्वी रिटर्नला कागद जोडायला लागायचे. २००७ साली आयटीआर नावाचे नवे फॉर्म आले तेव्हापासून रिटर्नला काहीच जोडायचं नाही असा नियम झाला. लोकांनी याचा अर्थ 'कागद ठेवायचे नाहीत' असा काढला. खरा अर्थ उलटा आहे. आधी निदान एक प्रत डिपार्टमेंटकडे असायची. आता ती फक्त तुमच्याकडेच आहे. चार वर्षांनी नोटीस आली की विचारणा तुम्हालाच होणार. म्हणजे जर्नल चेक झालं नाही म्हणून फेकून द्यायचं आणि मग व्हायवाला एक्स्टर्नलने नेमकं तेच मागायचं, तसा प्रकार.

किती वर्षं सांभाळायचं याचं उत्तरही कायद्यात होतं. १९६१ च्या आयकर कायद्याबरोबरच्या १९६२ च्या नियमावलीत '६ एफ' नावाचा नियम होता. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट वगैरे मंडळींनी (हो, इंजिनिअरसुद्धा, त्यामुळे हसू नका) रोकड वही, खतावणी, दिलेल्या पावत्यांच्या प्रती आणि घेतलेल्या बिलांचे मूळ कागद ठेवायचे, आणि ते आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं. छोट्या खर्चाला बिल मिळत नाही हेही त्या नियम लिहिणाऱ्याला माहीत होतं. ५० रुपयांपर्यंतच्या खर्चाला बिल नसेल तर स्वतः व्हाउचर करून सही करायची मुभा होती. वह्या ठेवायला बांधील असून ठेवल्या नाहीत तर २५,००० रुपये दंड. १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण हिशोब ठेवायची जबाबदारी काही सुटली नाही.

डॉक्टरांना तर आणखी एक रजिस्टर होतं, फॉर्म ३ सी. रोज आलेल्या पेशंटचं नाव, काय सेवा दिली, फी किती, कधी मिळाली. मामाचे एक डॉक्टर क्लायंट प्रामाणिकपणे हे रजिस्टर लिहायचे. अडचण एवढीच की त्यांचं अक्षर डॉक्टरांचं होतं. मार्च महिन्याचं एक पान मामाला लागेना, मला लागेना, आणि शेवटी स्वतः डॉक्टरांनाही लागेना. मग त्यांनीच तोडगा काढला, खालच्या मेडिकलवाल्याला वर बोलावलं. त्याने चष्मा लावला आणि घडाघडा वाचून दाखवलं, "सर्दी, दीडशे. ड्रेसिंग, दोनशे. हे उधारी लिहिलंय डॉक्टर, ते अजून आले नाहीत." चारशे पन्नास रुपयांची उधारी त्या दिवशी वसूल झाली असं ऐकते.

असो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'कीर्द' आणि 'खतावणी' हे शब्द पहिल्यांदा ऐकले ते मामाच्या तोंडून. कीर्द म्हणजे रोजच्या रोज, ज्या क्रमाने व्यवहार झाले त्या क्रमाने लिहिलेली वही. खतावणी म्हणजे तेच व्यवहार खात्यांप्रमाणे वेगळे करून मांडलेले. दूधवाल्याचं एक खातं, भाड्याचं एक, बँकेचं एक. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा तोच, पण एकदा वेळेनुसार सॉर्ट केलेला आणि एकदा नावानुसार. दोन्हीकडची बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं, कुठे आहे ते शोधावं लागतं. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधला पॅरिटी बिट आठवा. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या पाद्र्याने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची ही पद्धत लिहून काढली. म्हणजे एरर डिटेक्शन हा आपल्या सिलॅबसचा फंडा व्यापाऱ्यांनी पाचशे वर्षांपूर्वीच वापरात आणला होता. आणि कागद बांधून ठेवायची आपल्याकडची सवयही जुनीच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद कापडात बांधलेले आहेत, त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. तेव्हा कापडी पिशवीत कागद आणणाऱ्या क्लायंटची परंपरा थोर आहे. फरक इतकाच की रुमालावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा, कारण त्यात केमिस्ट्री आहे. एक गृहस्थ, सेल्समध्ये, फिरतीची नोकरी आणि बाजूला स्वतःचा कमिशनचा धंदा. अत्यंत टापटीप माणूस. वर्षभराच्या पेट्रोलच्या पावत्या त्यांनी तारखेप्रमाणे लावल्या, आणि नीट राहाव्यात म्हणून स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करायला दिल्या. दुकानदाराने पहिली पावती मशीनमधून काढली ती काळीकुट्ट! त्याला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून त्याने दुसरी घातली. मग तिसरी. अकरा पावत्यांनंतर दोघांनाही शंका आली. ते गृहस्थ त्या अकरा काळ्या चकचकीत पट्ट्या घेऊन मामाकडे आले आणि म्हणाले, "यावर उजेडात तिरकं धरून बघितलं तर दिसतं का?" काही दिसत नाही. मी सगळ्या अँगलने बघितलं.

कारण असं. पेट्रोल पंप, एटीएम, मॉल, सगळीकडच्या त्या गुळगुळीत पावत्या थर्मल पेपरवर असतात. त्या प्रिंटरमध्ये शाईच नसते. कागदावरच्या थरात एक रंगहीन डाय (ल्युको डाय) आणि एक आम्लधर्मी डेव्हलपर असे दोन पदार्थ वेगवेगळ्या कणांच्या रूपात शेजारी शेजारी बसलेले असतात. प्रिंटरचं हेड जिथे गरम होतं तिथे ते वितळून एकत्र येतात, डायच्या रेणूची रचना बदलते आणि तो काळा दिसतो. ही क्रिया व्हायला पाणी उकळण्याइतकीही उष्णता लागत नाही. लॅमिनेशन मशीनचे रोलर असतात शंभर अंशांच्या वर. म्हणजे मशीनने त्या पावतीवर एक भलामोठा काळा आयत 'छापला', बाकी काही नाही.

उलट प्रकारही होतो. तीच रिअ‍ॅक्शन हळूहळू मागे फिरते आणि अक्षरं उडून जातात. उन्हाने, तेलकट हाताने, आणि विशेष म्हणजे प्लॅस्टिकच्या फोल्डरने. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लॅस्टिसायझर घालतात ते कागदात झिरपतं आणि डाय व डेव्हलपरची जोडी तोडतं. म्हणजे जो माणूस पावती पाकिटात चुरगळून ठेवतो त्याची कदाचित टिकते, आणि जो पारदर्शक प्लॅस्टिक फाइलमध्ये नीट लावतो त्याची कोरी होते. एवढा अन्याय मी इतरत्र पाहिलेला नाही. उपाय एकदम स्वस्त आहे. पावती मिळाली त्याच आठवड्यात झेरॉक्स नाहीतर मोबाइलवर फोटो. झेरॉक्सची उष्णता कॉपीच्या कागदाला लागते, काचेवर ठेवलेल्या मूळ पावतीला काही होत नाही. (बाकी त्या गृहस्थांच्या उरलेल्या पावत्या वाचल्या आणि अकरा पावत्यांच्या रकमा कार्डाच्या स्टेटमेंटवर मिळाल्या.)

टेम्पोवाल्या काकांची गोष्ट याहून सरळ. त्यांचा स्वतःचा एक छोटा टेम्पो, पार्कसाइटकडून माल उचलायचे. डिझेल, टोल, टायर, गॅरेज, सगळा खर्च ते लिहून ठेवायचे. लिहायचे मात्र टेम्पोच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला, मार्करने. "वही हरवते साहेब, दरवाजा कुठे हरवणार?" लॉजिक बिनतोड आहे. मार्चमध्ये त्यांच्या मुलाने बाबांना सरप्राइज म्हणून गाडी आतून-बाहेरून रंगवून आणली. आकाशी रंगात. झालं, वर्षाचा हिशोब रंगाच्या खाली!

पण त्यांचं काही अडलं नाही, आणि ते का हे समजून घेण्यासारखं आहे. छोट्या लोकांना वह्या जमत नाहीत हे सरकारलाही मान्य आहे. म्हणून १९६१ च्या कायद्यात ४४ एई नावाचं कलम होतं. ज्याच्याकडे दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नाहीत त्याने प्रत्येक हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं, खर्चाच्या पावत्या दाखवायच्या नाहीत. गाडी किती महिने मालकीची होती एवढंच पाहिजे, आणि ते आरसी बुकात असतं. तसंच ४४ एडी छोट्या धंद्यासाठी. एकूण उलाढालीच्या ८ टक्के उत्पन्न धरायचं. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्केच. डॉक्टर-वकील-इंजिनिअरसाठी ४४ एडीए, तिथे निम्मी कमाई उत्पन्न धरतात. या शेवटच्या दोन्हींना उलाढालीची मर्यादा आहे, पण कन्नमवार नगरातले बहुतेक धंदे तिच्या आत बसतात.

लोकांना वाटतं सुटलो! इथे मामाचा खडूस प्रश्न येतो, "ठीक आहे, आठ टक्के. पण कशाचे?" म्हणजे एकूण धंदा किती झाला ते तरी सांगा. मग परत शांतता.

यूपीआयमुळे हे सोपं झालं असेल असं मलाही वाटायचं. क्यूआर कोड लावला, पैसे खात्यात, स्टेटमेंट तयार. प्रत्यक्षात एका चहा-नाश्तावाल्या दादांचं स्टेटमेंट मी स्वतः प्रिंट केलं, शंभरावर पानं निघाली. त्यात ग्राहकांचे पंधरा-वीस रुपये, मेहुण्याने परत केलेले उसने पाच हजार, गणपतीच्या वर्गणीचे जमा झालेले पैसे (दादा मंडळाचे खजिनदार), बायकोची भिशी, सगळं एकाच खात्यात. शेरा लिहायच्या जागी लोक काय लिहितात? 'हाय'. 'थँक्स'. एकाने दर वेळी 'तेच'. कुणी किती आणि कधी दिले हे सेकंदापर्यंत कळतं. कशाचे दिले ते कळत नाही. मामाच्या मते यावर एकच इलाज, धंद्याचं खातं वेगळं आणि वर्गणीचं तर मंडळाच्या नावाने. दादांनी आता खातं वेगळं केलंय. वर्गणी अजून त्याच क्यूआरवर येते, "लोकांना सवय झालीये."

काही क्लायंटचा प्रॉब्लेम मात्र उलटा असतो. कागद इतके परफेक्ट की मामा सावध होतो. एक मुलगा आयटीत, वडिलांच्या घरात राहतो आणि त्यांना भाडं देतो म्हणून घरभाड्याची सूट पाहिजे. असं करता येतं, बेकायदेशीर काही नाही, फक्त भाडं खरंच दिलेलं असावं, वडिलांनी ते त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवावं, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर त्यांचा पॅन द्यावा लागतो. या मुलाने बारा पावत्या आणल्या. सगळ्या एकाच पेनाने, एकाच झोकात सही केलेल्या, रोख पाच हजारांच्या वरची पावती म्हणून प्रत्येकीवर नियमाप्रमाणे रेव्हेन्यू स्टॅम्प. तिसरी पावती होती '३१ जून' ची. मामाने काही न बोलता समोरचं कॅलेंडर त्याच्याकडे सरकवलं.

मित्रांनो, ओळखीचं वाटतंय ना? आधी आन्सर ठरवायचं, मग रीडिंग लिहायची. प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ रेषेत आला की सर जसे वर बघतात, तसेच असेसिंग ऑफिसरही बघतात. खरे कागद थोडे वाकडेतिकडे असतात. पेन बदलतं, एका महिन्याचं भाडं उशिरा जातं, एका पावतीवर चहाचा डाग असतो. मागची तारीख घालणं हे लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. पाकिस्तानात २०१७ मध्ये पनामा प्रकरणाच्या चौकशीत २००६ ची तारीख असलेल्या एका कागदावरून केवढा गदारोळ झाला, का तर तो कॅलिब्री फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट सर्वसामान्यांपर्यंत आला २००७ मध्ये. इथे तर जूनला एक दिवस जास्त दिला होता.

जुन्या मुंबईकरांचं एक ठेवणीतलं कारण आहे, "सव्वीस जुलैला वाहून गेलं." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. रिटर्नची शेवटची तारीख होती ३१ जुलै, म्हणजे पाच दिवसांवर. मामा सांगतो की तेव्हा लोकांचे कागद खरंच गेले होते. त्याने स्वतः क्लायंटच्या पासबुकांची भिजलेली पानं दोरीवर चिमट्यांनी अडकवून पंख्याखाली वाळवली. बँकांकडून स्टेटमेंट परत मागवली, कंपन्यांकडून फॉर्म १६ च्या डुप्लिकेट प्रती आणल्या. एका बाईंचे शिवणकामाचे आठ वर्षांचे हिशोब गेले ते गेलेच. त्या वेळच्या लोकांवर मामा कधी हसत नाही. पण गेल्या वर्षी एकाने तेच कारण सांगितलं तेव्हा मामाने विचारलं, "धंदा कधी सुरू केलात?" उत्तर आलं, "२०११."

कागद खरंच नसतील तर काय होतं? आपल्याकडे अधिकारी स्वतःच्या अंदाजाने आकारणी करू शकतो, आणि अधिकाऱ्याचा अंदाज आपल्या अंदाजापेक्षा नेहमी मोठा असतो. अमेरिकेत यावर एक मजेदार केस झाली होती. जॉर्ज एम. कोहान हा ब्रॉडवेचा मोठा नट आणि गीतकार. नटांना, समीक्षकांना खाऊ-पिऊ घालण्यात त्याने भरपूर पैसा उडवला आणि तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवला, पण हिशोब शून्य. कर खात्याने सगळा खर्च नाकारला. १९३० मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निकाल दिला की खर्च झालाय हे उघड आहे तर शून्य धरणं बरोबर नाही, अंदाज बांधा; मात्र गोंधळ त्याचाच असल्यामुळे अंदाज त्याच्या विरुद्ध झुकला तरी चालेल. लोकांनी या निकालाचा इतका फायदा घेतला की १९६२ मध्ये तिथल्या संसदेने प्रवास आणि पार्टीच्या खर्चाला पुरावा सक्तीचा केला.

आणि आपल्याकडच्या कोर्टाने चक्क 'वही' म्हणजे काय यावर विचार केलेला आहे. जैन हवाला प्रकरणात, १९९८ च्या निकालात, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पानं सहज सुटी होणार नाहीत अशी एकत्र बांधलेली असतील तर ती वही. त्यामुळे स्पायरल नोटबुक ही वही ठरली, फाइलमध्ये ठेवलेले सुटे कागद ठरले नाहीत. वर असंही की नुसत्या वहीतल्या नोंदीवर कुणाला जबाबदार धरता येत नाही, बाहेरचा स्वतंत्र पुरावा लागतो. होस्टेलवर ज्यांनी 'समोसा १२, मॅगी उधार' अशा स्पायरल वह्या ठेवल्या आहेत त्यांनी योग्य तो बोध घ्यावा.

वर्षांचा घोळ हा एक वेगळा विषय. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची कमाई, पण रिटर्नवर लिहिलेलं आकारणी वर्ष २०२५-२६. निम्मे लोक दुसऱ्याच वर्षाचे कागद घेऊन येतात आणि काहीजण टॅक्सही चुकीच्या वर्षात भरतात. नव्या कायद्याने ही भानगड संपवून एकच 'कर वर्ष' ठेवलंय. मामा म्हणाला, "माझे निम्मे विनोद गेले."

आता एक प्रसंग असा की ज्यात मी हसले नाही. एक आजी आल्या, टागोर नगरच्या. आजोबा फेब्रुवारीत वारले होते. त्यांचं रिटर्न वारसाने भरायचं असतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत एक पासबुक, पेन्शनचे कागद, विम्याच्या बंद पॉलिसी, रबरबँड लावलेली किल्ली. "ते सगळं बघायचे, मला काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही कधी." घरखर्च कसा चालवायचा याचा प्रश्न होता, कारण त्या पासबुकात फारसं काही नव्हतं.

मामाने आधी मुलाच्या नावाने वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून घेतली, त्याला काही दिवस गेले. मग आजोबांचं एआयएस उघडलं. एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण, २०२१ च्या नोव्हेंबरपासून पोर्टलवर मिळतं. बँका, कंपन्या, म्युच्युअल फंड, सगळे तुमच्या पॅनवर झालेल्या व्यवहारांची माहिती डिपार्टमेंटला कळवतात आणि ती तिथे एकत्र दिसते. एरवी या यादीला क्लायंट घाबरतात. "माझं काही नाही" म्हणणाऱ्याच्या तीन एफडी तिथे निघतात. आजोबांच्या यादीत दोन बँकांचं व्याज होतं. एक पासबुकातली. दुसरी घाटकोपरची, जिचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. व्याजाच्या रकमेवरून मामाने मूळ ठेवीचा अंदाज मांडला, कागदावर लिहिला आणि आजींसमोर ठेवला. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला. "म्हणजे सरकारला माहीत होतं आणि मला नव्हतं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या होत्या की काय ते मला कळलं नाही.

नॉमिनी त्याच होत्या, त्यामुळे बँकेत फार त्रास झाला नाही. असं व्याज कळवलंच गेलं नसतं, तर? दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा करतात. पैसे बुडत नाहीत, वारसाला मागता येतात, पण मागायला आधी माहीत पाहिजे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलंय, तिथे नाव घालून बऱ्याच बँकांमध्ये एकदम शोधता येतं. त्या आठवड्यात मी घरी फोन करून बाबांना विचारलं की आपल्या एफडी कुठे कुठे आहेत. त्यांना वाटलं मला पैसे पाहिजेत.

मामाला विचारलं, तुझा सगळ्यात चांगला रेकॉर्ड ठेवणारा क्लायंट कोण? मला वाटलं एखादा एक्सेलवाला इंजिनिअर असेल. तो म्हणाला, पोळी-भाजीवाल्या काकू. काकू दहावी झालेल्या, घरून डबे देतात. त्यांचा पूर्ण हिशोब 'कालनिर्णय'वर. दुधाचा खाडा, सिलेंडर लावल्याची तारीख आपल्या सगळ्यांच्या घरी त्यावर लिहितात. काकूंनी तेच धंद्याला लावलं. त्या दिवशीच्या चौकोनात वर गेलेल्या डब्यांची संख्या, खाली आलेले पैसे, रोख असेल तर गोल, मोबाइलवर आले तर टिंब. एकादशीला साबुदाण्याचे डबे वेगळे, तिथी छापलेलीच असते. गोल आणि टिंब वेगळे, म्हणजे ८ टक्के कशावर आणि ६ टक्के कशावर हे त्यांनी नकळत आधीच करून ठेवलेलं! त्याच दिवशी, त्याच हाताने, कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे, अशी नोंद. मामाच्या मते अशा नोंदीला तोड नाही, कारण खोटं लिहिणारा माणूस रोज खोटं लिहायचा कंटाळा करतो.

याचा काकूंना उपयोग झाला तो टॅक्समध्ये नाही. त्यांचा टॅक्स निघतच नव्हता. त्यांना मोठा गाळा घ्यायचा होता आणि बँकेने मागच्या तीन वर्षांची रिटर्न मागितली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकांचा धंदा काकूंच्या दुप्पट, पण 'टॅक्स लागत नाही तर रिटर्न कशाला' म्हणून त्यांनी कधी भरलंच नव्हतं. त्यांचा अर्ज परत आला. काकूंचं कर्ज मंजूर झालं. गाळ्यात आता तीन बायका कामाला आहेत.

यंदाही जूनमध्ये काकू बारा पानं घेऊन आल्या, पिशवी नाही, नीट गुंडाळी करून. मामा ती फाइलला लावायला लागला तर त्यांनी हात पुढे केला, "झेरॉक्स काढून परत द्या हं. ऑगस्टच्या मागे रेसिपी आहे, ती करून बघायची राहिलीये."